खांबाखालचा गुडघा

९ नोव्हेंबर

आई,

फोनवर तुम्ही 'बरं' म्हणता आणि ठेवून देता. 'बरं'च्या पुढचं काही सांगायचं तर लिहिण्याशिवाय इलाज नाही. म्हणून पाठीशी एक उशी, पायाखाली दुसरी घेऊन बसले आहे. अक्षर वाकडं आलं तर दोष पायाला द्या.

ऑपरेशन झालं. तुमच्या चिरंजीवांनी कळवलं असेलच, त्यांच्या पद्धतीनं: "झालं. बरी आहे. ठेवतो." बाकीचं मी सांगते. गुडघ्यातलं लिगामेंट, जे आतून हाडाला हाड धरून ठेवतं, ते पार तुटलं होतं. वाटीखालच्या पट्ट्यातून एक फीत कापून घेतली आणि त्या जागी ओवली. घरच्याच कापडाचं ठिगळ. शिवाय दोन हाडांच्या मध्ये गाद्या असतात, मेनिस्कस म्हणतात त्यांना. त्यातली आतल्या बाजूची गादी मागच्या कडेला फाटली होती. ती शिवली. कापली नाही, आई, शिवली. हे मुद्दाम सांगते.

तुमच्या वेळी गादी फाटली की सरळ काढूनच टाकायचे. तुम्ही महिन्याभरात पुन्हा खांबाखाली उभ्या राहिलात, हे सर्कशीच्या तळावर लोक अजून कौतुकानं सांगतात. तो पाय पुढे धनुष्यासारखा वाकला, हे सांगताना कुणी दिसत नाही. मी डॉक्टरांना तुमच्याबद्दल बोलले. ते म्हणाले, "आजही कापली तर तुम्ही लवकर चालायला लागाल. पण तुम्ही गाड्या घेऊन फिरणारी माणसं. उतारावर गाडी उभी केली की ब्रेक लावूनही चाकाला दगड लावता ना? लिगामेंट म्हणजे ब्रेक. गादीची ही मागची कड म्हणजे तो दगड. दगड काढला तर सगळा भार एकट्या ब्रेकवर."

"मग शिवा," मी म्हटलं. "माझ्या गाडीच्या टपावर माझी पोरगी असते."

त्यांना वाटलं मी भुलीच्या भीतीनं काहीबाही बोलते आहे. मग यांनी समजावलं. बाईच्या खांद्यावर लोखंडी खांब, खांबाच्या टोकावर चौदा वर्षांची मुलगी, बहुतेक वेळ खाली डोकं वर पाय. डॉक्टरांनी चष्मा काढला. "आणि तुम्ही खाली काय करता?"

"वर बघते."

आता या पायावर भार टाकायचा नाही. पट्ट्यात बांधून ठेवलाय. भार टाकायची परवानगी मिळाल्यावरही कितीतरी महिने उकिडवं बसायचं नाही, गुडघा पार दुमडून त्यावर वजन तर अजिबात घ्यायचं नाही. टाके आत आहेत, दिसत नाहीत, पण उसवायला वेळ लागत नाही म्हणाले.

मालक येऊन गेले. फळं आणली होती. दारातच म्हणाले, "पुढच्या हंगामाला खांब उभा राहिला पाहिजे, वहिनी. नाहीतर तुमच्या राहत्या मागच्या खोल्या मला दुसऱ्यांना द्याव्या लागतील. मला तरी कोण विचारतंय?" असं म्हणून सफरचंद पुसून स्वतःच खाल्लं.

तुम्ही वन्संकडे राहायला जाताना म्हणालात, "आधी पोरीला खाली उतरव, मग पायाचं काय करायचं ते कर." त्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुमच्या लक्षात असेलच. पण आई, खांब गेला तर आम्ही कुठे जायचं? यांना दिवे बांधता येतात, मला वर बघता येतं, टिटवीला उलटं राहता येतं. तिघांचं मिळून एक माणूस होतं.

परत या. सरावात तिच्या कमरेची दोरी तुम्हीच धरायची. हे धरतात, पण यांचं लक्ष दिव्यांकडे जातं.

तुमची सून

*

१४ जानेवारी

आई,

तुम्ही परवा यांना फोन करून एवढंच विचारलंत म्हणे, "टिटवी जेवते का?" जेवते. मोजून जेवते. वजन वाढलं तर आईच्या पायाला जड होईन म्हणते. मी ओरडले तर म्हणाली, "तू तुझ्या गुडघ्याचं बघ, मी माझ्या पोटाचं बघते." हे तोंड कुणावर गेलंय ते मी बोलत नाही.

मी रोज व्यायामाला जाते. दवाखान्याच्या मागे लांबट खोली आहे, भिंतीला आरसे, जमिनीवर निळ्या गाद्या, कोपऱ्यात कुणाच्या तरी जुन्या कुबड्या. व्यायाम घेणाऱ्या बाईंना मी मनातल्या मनात शिट्टीबाई म्हणते, कारण बोलताना त्यांच्या पुढच्या दातांतून बारीक शिट्टी येते आणि त्यांना ती माहीत नाही. भल्या आहेत, पण सूट देत नाहीत. आमच्यात एक बसवाले काका आहेत. आयुष्यभर क्लच दाबून गुडघा गेला म्हणतात. ते मला 'सर्कशीच्या बाई' म्हणतात आणि माझ्या प्रत्येक व्यायामाला "तिकीट किती?" म्हणून विचारतात.

कुबड्या सुटल्या. मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकटी चालले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर गुडघ्याला थोडी सूज आली आहे. बर्फ लावते आहे. शिट्टीबाई "असं का झालं?" म्हणून विचारत होत्या. म्हटलं, जास्त चालले असेन. यांनीही विचारलं. त्यांनाही तेच सांगितलं. तुम्हीही तेच समजा.

तुमची खोली मी कुणाला वापरू देत नाही. टिटवी तिथे अभ्यासाला बसते, तेवढंच. तुमची खुर्ची खिडकीकडे होती ती दाराकडे फिरवली आहे. कशाला ते मलाच माहीत नाही.

कळवा काहीतरी. 'बरं' एवढंच लिहून पाठवलंत तरी चालेल.

तुमची सून

*

१७ मार्च

आई,

आज आनंदाची बातमी. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "घट्ट आहे." शब्द त्यांचेच.

तपासणी अशी असते. उताणं झोपायचं, गुडघा जरासा वाकवायचा. डॉक्टर एका हातानं मांडी धरतात, दुसऱ्या हातानं नडगी, आणि नडगी पुढे ओढून बघतात. लिगामेंट धड असेल तर हाड जागेवर अडतं, नसेल तर पुढे येतं. ओढण्याआधी म्हणतात, "सैल सोडा. पाय माझ्याकडे द्या."

आता तुम्हीच सांगा, आपल्या पायाला सैल सोडा म्हणजे काय ते कुणी शिकवलंय का? तुम्ही मला पहिल्या दिवशी काय शिकवलंत? 'वर माणूस असो नसो, मांडी जागी पाहिजे.' तर माझी मांडी जागी राहिली. मागचा स्नायू असा आवळून धरला की नडगी तसूभर हलली नाही. वरून दिसत नाही ते. चेहरा मी नेहमीसारखा ठेवला. डॉक्टर म्हणाले, "वा." शिट्टीबाई मात्र बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमची मांडी फार हुशार आहे हो." त्यात कौतुक होतं की काय ते मला कळलं नाही. मी हसले.

मला उत्तीर्ण व्हायचं होतं, आई. झाले.

आता हलका सराव करायला परवानगी आहे. नुसता खांब, वर कुणी नाही. मालकांना निरोप पाठवला तर ते लगेच हजर. खांद्याला हात लावून बघितला, म्हशीला बघतात तसा. "हंगामाची सुरुवात तुमच्यानंच करू. दोरीशिवाय. लोकांना दोरी दिसली की पैसे परत मागावेसे वाटतात." हे म्हणाले, "बघू." मालक म्हणाले, "बघायचं काय त्यात? जाहिरात छापायला दिली."

एक विचारायचं होतं. सहज विचारते. तुमची गादी काढल्यावर कधी वळताना गुडघा आतल्या आत सरकायचा का? दुखायचं नाही, नुसतं घरातलं फर्निचर कुणीतरी हलवावं तसं? आणि तसं झालं की तुम्ही काय करायचात? कुणाला सांगायचात?

काल खोलीच्या उंबऱ्यावर मी जरा अडखळले. फरशी ओली होती.

तुमची सून

*

२८ मे

आई,

फरशी ओली नव्हती.

तुम्ही उत्तर देत नाही ते एका अर्थी बरंच आहे. भिंतीशी बोलल्यासारखं बोलता येतं. आज सगळं लिहिते. हे पत्र वाचून तुम्ही यांना फोन करणार असाल तर करा, मी अडवत नाही.

जानेवारीत मी पहिल्यांदा चालले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं लिहिलं होतं ना. त्याच्या पुढचं लिहिलं नव्हतं. टाळी पडल्यावर आपण काय करतो? सलामी. एक पाय मागे, पुढचा गुडघा पार खालपर्यंत, हात बाजूला, मान वर, हसू. टिटवी बोलायला लागायच्या आधी तुम्ही तिला सलामी शिकवली होती. बसवाल्या काकांनी टाळी वाजवली, मग बाकीच्यांनी, आणि माझा गुडघा मला न विचारता खाली गेला. तोच गुडघा, पुढचा, ऑपरेशनचा. पार खाली. ज्याला उकिडवं बसायचीही परवानगी नव्हती.

आत टच्च झालं. ओल्या कापडाची शिवण उसवावी तसं. आणि आई, मी सलामी पूर्ण केली. हसत उठले. काका म्हणाले, "बघा, तिकीट वसूल!" घरी येईपर्यंत गुडघा भोपळा झाला होता.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा पट्टा, पुन्हा कुबड्या, आणि हंगाम गेला असता. मनाशी म्हटलं, थोडंसं उसवलं असेल, चिकटेल. चिकटलं नाही. चाकामागचा दगड गेला, ब्रेक एकटा ओढतोय. सरळ चालताना काही नाही. डावीकडे वळले की सरकतो. दरवेळी नाही, म्हणून तर जास्त भीती वाटते. रोज सरकला असता तर लपवता आलं नसतं.

आणि तिकडे टिटवी वर जायला लागली आहे.

आधी छोटा खांब, मग मोठा. आपली पद्धत तीच. मी खांब खांद्यावर घेते, तोल आला की म्हणते "धरलं", आणि मग ती पहिलं पाऊल माझ्या मांडीवर ठेवते. त्याआधी नाही. तुम्हीच घालून दिलेला नियम. पहिल्या दिवशी तोल आला तरी मी तो शब्द म्हटला नाही. ती वाट बघत उभी, पाय उचललेला. हे दोरी धरून. "आई?" ती म्हणाली. मग मी म्हटलं, "धरलं." तेव्हापासून रोज म्हणते.

मी डावीकडे वळत नाही. तोल डावीकडे गेला की उजवीकडून पूर्ण फेरा मारून येते. हे दिव्यांकडे बघत नव्हते, निघाले शहाणे. रात्री म्हणाले, "तू डावीकडे वळत नाहीस." मी म्हटलं, "नवीन रचना आहे." ते म्हणाले, "बरं." तुमचाच मुलगा. दिवा मालवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. झोपले नव्हते.

आई, या. हात जोडते. दोरी धरायला नको, काही नको. नुसतं समोर उभं राहा आणि सगळ्यांच्या देखत म्हणा, हिचा पाय खोटा आहे. माझ्या तोंडून ते निघत नाही. तुम्ही म्हटलंत तर मी भांडेन, रडेन, तुम्हाला नाही नाही ते बोलेन, पण खांब खाली ठेवेन. मला खांब खाली ठेवायला लावणारं कुणीतरी पाहिजे आहे. इथे सगळे माझ्यावर विश्वास ठेवतात.

तुमची सून

*

२२ जून

आई,

टिटवीला काही झालेलं नाही. हे आधी वाचा, मग पुढचं.

परवा सकाळी मोठ्या हॉलमध्ये सराव होता. मालक खुर्ची टाकून बसलेले. सरावात दोरी ठेवतो, म्हणून दोरी होती. टिटवी टोकावर उलटी, हात सोडलेले, पाय खांबाला गुंफलेले. तोल डावीकडे झुकला आणि उजवीकडून फेरा मारायला वेळ नव्हता. मी डावीकडे वळले. गुडघा गेला. दुखलं नाही, आई. नुसता निघून गेला, जसा कधी नव्हताच.

खांब पडताना मोठा आवाज करतो. मी जमिनीवर होते आणि वर बघत होते, इतक्या वर्षांच्या सवयीनं. ती दोरीला लटकत होती, हळूहळू गोल फिरत, एक हात कपाळावर. यांनी दोरी सोडली नाही. दोन्ही तळहातांची सालं निघाली आहेत, पण सोडली नाही. तिला खाली घेतली आणि मग हे खालीच बसले.

मालक खुर्चीतून उठून म्हणाले, "होतं असं. पाणी प्या आणि पुन्हा एकदा घ्या. भीती बसता कामा नये."

हे उठले आणि त्यांची खुर्ची उचलून दाराबाहेर नेऊन ठेवली. मालक खुर्चीमागोमाग बाहेर गेले.

हॉलमध्ये आम्ही तिघंच राहिलो. मी टिटवीला म्हटलं, "माझा पाय खराब आहे. मी लपवलं." कितीतरी महिने जे तोंडातून निघत नव्हतं ते असं पटकन निघालं. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही, मनगटाची पट्टी सोडत होती.

"मला माहीत होतं," म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"सरकतो ते. अगं, तुझा गुडघा बोटभर सरकला की वर हातभर होतं. मी उलटी असते, मला दुसरं काय काम आहे तिथे?"

"मग बोलली का नाहीस, गधडे?"

"तू 'धरलं' म्हणायचीस ना." पट्टीची गुंडाळी करून तिनं खिशात घातली. "तू म्हणतेस धरलं, आणि मी म्हणायचं नाही धरलं? तसं कसं म्हणणार? तू वळायला लागलीस की मी आधीच पोट आवळून दुसरीकडे झुकायचे. जमायला लागलं होतं. आज जरा उशीर झाला. माझंच चुकलं."

माझंच चुकलं म्हणाली, आई.

इतके दिवस मी समजत होते की मी तिला तोलते आहे.

हे भिंतीला टेकून बसले होते, हात पाण्याच्या बादलीत. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. आम्ही तिघं एकाच घरात, एकमेकांना न सांगता, एकच गुडघा सांभाळत होतो.

तुम्हाला हे फोनवर सांगायचं नाही असं ठरलं होतं. पण मी लिहिते आहे. आता काहीही लपवायचं नाही.

मी

*

३ जुलै

आई,

डॉक्टरांकडे जाऊन आले. टिटवी बरोबर आली, नको म्हटलं तरी. सगळं सांगितलं, सलामीचंसुद्धा. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "मार्चमध्ये मी तपासलं तेव्हा?" मी म्हटलं, तेव्हा मी धरून ठेवलं होतं. शिट्टीबाई म्हणाल्या, "मला वाटलंच होतं," आणि शिट्टी वाजली, आणि अशा वेळीही मला हसू आलं.

"झोपा," डॉक्टर म्हणाले. "आता खरोखर सैल सोडा."

"सोडलाय."

"नाही सोडलाय."

आई, सुटेना. खरंच सुटेना. मी लपवत नव्हते, तरी मांडी ऐकेना. मी डोळे मिटले, श्वास सोडला, दुसरीकडे लक्ष दिलं, काही उपयोग नाही. डॉक्टर म्हणाले, "राहू दे, ऑपरेशनच्या वेळी भुलीखाली बघू. तेव्हा पाय खोटं बोलत नाही." मला ते नको होतं. मला शुद्धीवर असताना कळायला हवं होतं.

टिटवीनं माझ्या मांडीखाली हात घातला. "बाप रे. ही काय मांडी आहे?" मग खुर्ची ओढून माझ्या डोक्याशी बसली आणि कानाशी आली. "आई, मी खाली आहे. बघ ना. दोन्ही पाय जमिनीवर आहेत."

मी मान वळवून बघितलं. निळ्या चपला, जमिनीवर. एका चपलेचा पट्टा तुटलेला, पिनेनं जोडलेला.

मग सुटली. मला कळलंसुद्धा नाही कधी. डॉक्टरांनी नडगी ओढली आणि ती पुढे आली, कपाटाचा खण यावा तशी, सहज. ती मला दिसली, टिटवीला दिसली. डॉक्टरांनी ती अलगद जागेवर ठेवली आणि पायावर चादर ओढली.

दुसरं ऑपरेशन करायचं आहे. लिगामेंट ताणलं गेलंय, ते किती वाचलंय आणि गादी पुन्हा शिवण्याजोगी आहे का, ते आत बघूनच ठरेल. शिवता आली तर शिवतील. नाही आली तर फाटलेलं तेवढं काढावं लागेल. मी विचारलं, "खांब?" ते म्हणाले, "मी तुम्हाला चालतं-फिरतं करीन. त्याच्यापुढे मला विचारू नका."

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "पोरगी चांगली आहे. पोरगी राहू दे, मी तिच्याखाली दुसरा माणूस उभा करतो." मी नाही म्हटलं. टिटवी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तिला वर जायचंच आहे, आई. ती म्हणते, "तुझा पाय गेला, माझे दोन्ही आहेत." मोठी झाली की तिचं ती ठरवील, तोवर नाही, एवढंच म्हटलं. तिनं दार आपटलं. तुम्ही जाताना जसं आपटलं होतं तसंच, अगदी तोच आवाज.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी म्हणाले होते की तुमचा पाय वाकडा म्हणून तुम्हाला सगळ्यांचेच वाकडे दिसतात. मी तुमच्या तोंडावर म्हणाले होते, यांच्या आणि पोरीच्या देखत. त्याबद्दल काय लिहावं ते सुचत नाही. लिहिते आणि खोडते आहे. समोर आले की तुमच्या पायाला हात लावेन, त्या वाकड्या पायाला, मग तुम्हाला काय करायचं ते करा.

आता खरं काम. खोल्या या महिन्यातच रिकाम्या करायच्या आहेत. खांब विकणार नाही असं हे म्हणाले, मी म्हटलं ठेवायचा तरी कुठे? तो प्रश्न तसाच आहे. इतकी पत्रं तुम्हाला 'परत या' म्हणून लिहिली. आता परत यायला जागाच उरलेली नाही. म्हणून उलटं विचारते.

आम्ही तुमच्याकडे येऊ का? वन्संचं घर लहान आहे, मला माहीत आहे. त्यांना विचारा. भावजींना विचारा. हे काहीही काम करतील, यांना विजेचं सगळं येतं. टिटवी तुमच्याजवळ झोपेल, तुमच्याशी तरी बोलेल. ऑपरेशन तिकडच्याच कुठल्या दवाखान्यात करून घेईन, इथले डॉक्टर चिठ्ठी देतो म्हणालेत. मला फक्त भिंतीकडेची एक जागा पाहिजे, पाय लांब करता येईल अशी.

वन्संच्या घराला जिना आहे का, तेवढं कळवा. असला तरी येऊ. मी बसून, मागे मागे सरकत, एकेक पायरी चढेन.

तुमची सून